वैमानिकाच्या सर्दीवर संशय घेण्याआधी

प्रति,
मुंबईतून विमानं उडवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापन आणि मनुष्यबळ विभाग,
तसेच नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) यांस,

सादर नमस्कार.

विलेपार्ले पूर्वेला माझा दवाखाना आहे. विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बाहेरच्या बाकावर लोडर असतात, ग्राउंड स्टाफ असतो, केबिन क्रू असतो आणि वैमानिकही असतात. लायसन्ससाठी लागणारी त्यांची ‘क्लास वन’ तपासणी मी करत नाही. ती डीजीसीएने मान्यता दिलेले डॉक्टर करतात. माझ्याकडे ते ताप, जुलाब, पाठदुखी घेऊन येतात आणि उठताना कंपनीत द्यायला सर्टिफिकेट मागतात. या सर्टिफिकेटावरून तुमचं आणि त्यांचं जे बिनसलं आहे, त्याबद्दल हे पत्र. पेशंटनी मला जे सांगितलं ते लिहिताना कुठल्याही कंपनीचं नाव घेणार नाही. नाव घेतलं तर कोण बोललं हे शोधून काढायला तुम्हाला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘आज मी उडू शकत नाही’ असं वैमानिकाने कळवणं हा विमान सुरक्षित ठेवण्याच्या व्यवस्थेचाच एक भाग आहे. आजारपण कळवताच कंपनीच्या डॉक्टरसमोर हजेरी, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट अमान्य, अशा तुमच्या नव्या धोरणांनी हे कळवणं महाग करून ठेवलं आहे. त्याने रजा कमी होतील, हे मान्य. पण आजारी माणसं तेवढीच राहतील, आणि त्यातली काही कॉकपिटमध्ये बसलेली असतील.

सर्दीपासून सुरुवात करतो, कारण मनुष्यबळ विभागाला सगळ्यात जास्त संशय सर्दीचाच येतो. ‘नाक वाहतंय म्हणून कोणी रजा घेतं का?’ बँकेतला माणूस घेत नाही, मीही घेत नाही. पण विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. विमान उंचावर असताना तो साधारण सहा ते आठ हजार फुटांवर जेवढा असेल तेवढा ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे सकाळी दिल्लीला जाऊन दुपारी परतणारा वैमानिक दोनदा कळसूबाईच्या वर चढतो आणि दोन्ही वेळा अर्ध्याएक तासात खाली येतो. खाली येताना मधल्या कानात हवा परत शिरावी लागते, आणि ती शिरते नाकाच्या मागून जाणाऱ्या युस्टेशियन नळीतून. सर्दीने ती नळी सुजली असेल तर हवा शिरत नाही आणि पडदा आत ओढला जातो. अशा अवस्थेत उडून आलेल्या माणसाच्या कानात मी ऑटोस्कोपने पाहतो, तेव्हा पडदा लालभडक आणि आत खेचलेला दिसतो. कधी त्याच्यामागे पाणी साचलेलं असतं, कधी रक्त. दुखणं असं असतं की मोठा माणूस डोळ्यांत पाणी आणून बसतो. एका कानातला दाब जुळला आणि दुसऱ्यातला नाही, तर गरगरायलाही लागतं. आणि हे सगळं होतं उतरताना: जुलैचा पाऊस, मुंबईची धावपट्टी, वैमानिकाचं डोकं सगळ्यात जास्त शाबूत असायला हवं त्या दहा-पंधरा मिनिटांत.

मग औषध देऊन पाठवा, असं तुम्ही म्हणाल. सर्दीच्या ज्या गोळ्या केमिस्ट चिठ्ठीशिवाय देतो, त्यातल्या बऱ्याचशांत झोप आणणारं काहीतरी असतंच. सेट्रिझिन ‘कमी झोप आणणारी’ म्हणून आम्ही लिहितो, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. कफ सिरपचं तर नावच काढायला नको. उड्डाणाआधी वैमानिकांची श्वासचाचणी होते आणि मद्यांश असलेला माउथवॉश किंवा दातांचं जेलसुद्धा त्यांना वापरायला मनाई आहे. औषध चालू असेल तर उडण्याआधी कंपनीच्या डॉक्टरशी बोलावं, असंही डीजीसीएचा नियम सांगतो. हा नियम योग्यच आहे. पण त्याचा सरळ अर्थ असा की साधी सर्दी झालेल्या वैमानिकापुढे दोनच रस्ते उरतात. एक, औषध न घेता बंद नाकाने उडायचं. दोन, घरी राहायचं. तुमचं धोरण त्याला पहिल्या रस्त्याकडे ढकलतं आहे.

जुलाबाबद्दल फार लिहीत नाही. दोन्ही वैमानिकांनी एकच जेवण जेवू नये, ही पद्धत तुमच्याच व्यवसायाने का पाडली, ते तुम्हाला माहीत आहे.

आता कायद्याकडे येतो. मी वकील नाही, पण पेशंटमुळे हे वाचावं लागलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टातच लिहिलेलं आहे की आपल्या तब्येतीत बिघाड झाला आहे आणि त्यामुळे काम सुरक्षितपणे जमणार नाही, हे ज्याला जाणवतं त्या लायसन्सधारकाने ते काम करू नये. डीजीसीएचे ड्युटीच्या तासांचे नियम, ज्यांना तुम्ही सगळे एफडीटीएल म्हणता, तेही हेच सांगतात: थकवा आहे किंवा तब्येत बरी नाही, असं वाटलं तरी उडू नये. ‘वाटलं तरी’ हे महत्त्वाचं. सिद्ध झालं पाहिजे, रक्ताचा रिपोर्ट आला पाहिजे, असं त्यात कुठे नाही. रात्री दोनला पिक-अपची गाडी खाली उभी असताना लॅब उघडी नसते. तो निर्णय वैमानिकाने स्वतःच्या अंदाजावर घ्यायचा असतो, आणि चुकीचा घेतला तर लायसन्स त्याचं जातं. इतर कुठल्या नोकरीत सिक लीव्ह ही सवलत असेल, इथे ती कायद्याने घातलेली जबाबदारी आहे. एका हाताने कायदा त्याला थांब म्हणतो आणि दुसऱ्या हाताने तुमचं रोस्टर खातं, म्हणजे ड्युट्या लावणारा विभाग, कारणे दाखवा नोटीस पाठवतं.

ही अतिशयोक्ती नाही. आजारपण कळवण्यासाठीचा एका कंपनीचा नवा नमुना माझ्या टेबलावरून गेला आहे. आजारपण कळवल्यावर ठरावीक तासांत कंपनीच्या पॅनलवरच्या डॉक्टरसमोर हजर व्हायचं. फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट पहिल्या दिवसापासूनच अमान्य. साप्ताहिक सुटीला लागून आजारी पडलात तर ती ‘पॅटर्न’ म्हणून नोंदली जाणार, आणि कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, बढतीच्या वेळी ती नोंद समोर येणार. शिवाय निदान लिहायला एक रकाना, तोही ठळक अक्षरांत. पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असल्यामुळे आजारी पडलं की पैसे तसेही कमी होतात. हे त्याच्यावर आणखी. आता खारघरला राहणाऱ्या, दिवसातून दहा वेळा संडासला जाणाऱ्या माणसाने ‘मी खरंच आजारी आहे’ हे दाखवायला पावसाळ्यात अंधेरीपर्यंत कसं यायचं, हे धोरण लिहिणाऱ्याने एकदा स्वतः करून पाहावं. टॅक्सीवाल्याचं मतही विचारावं.

सर्टिफिकेटाबद्दल मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मला सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवावं लागतं. त्यात पेशंटची सही, पत्ता, ओळख पटवणारी एखादी खूण हे सगळं लिहावं लागतं आणि दिलेल्या कागदाची प्रतही ठेवावी लागते. खोटं सर्टिफिकेट दिलं तर माझी नोंदणी जाऊ शकते. माझ्याकडे खोटं मागायला कोणी येतच नाही का? येतात. गणपतीत येतात, मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत येतात, आणि त्यात वैमानिकही असतात. मी नाही म्हणतो. ते उठून जातात आणि त्यांना दुसरीकडे मिळतं. या शहरात कोणत्या गल्लीत, किती रुपयांत, किती दिवसांचं मिळतं हे रिक्षावालाही सांगेल. हे तुमच्यापासून लपलेलं नाही, म्हणूनच तुम्ही आमच्या कागदावरचा विश्वास काढून घेतलात, असं मी समजतो. रागावत नाही.

पण जरा उलटं बघा. पहिल्याच दिवशी कागद सक्तीचा केल्याने खोटं बोलणाऱ्याला काय अडचण होते? काहीच नाही, तो कागद विकत घेतो. अडचण होते ती खरोखर आजारी असलेल्याची. जो एक दिवस पडून राहून, मीठ-साखरेचं पाणी पिऊन, डॉक्टरकडे न जाताच बरा झाला असता, त्याला उठून रांगेत बसावं लागतं. साध्या व्हायरल तापात पहिल्या दिवशी माझ्याकडेसुद्धा ‘ताप आहे, विश्रांती घ्या’ यापलीकडे लिहिण्यासारखं काही नसतं. डेंग्यूसुद्धा पहिल्या दिवशी नुसता तापच असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

आणि तो निदानाचा रकाना. पेशंटने मला सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय त्याच्या मालकाला सांगायला मला मनाई आहे, त्याच आचारसंहितेने. ‘उड्डाणासाठी अमुक तारखेपर्यंत अयोग्य’ एवढं तुम्हाला पुरलं पाहिजे. मूळव्याध आहे, गर्भपात झाला आहे की झोप लागत नाही म्हणून मानसोपचार चालू आहेत, हे रोस्टर लावणाऱ्या मुलाला कळून त्याने काय करायचं आहे? लायसन्सवर परिणाम करणारा आजार असेल तर तो डीजीसीएच्या वैद्यकीय विभागाला कळवण्याची रीत आधीपासून आहे, आणि तिथे तो डॉक्टरच वाचतात.

तुमच्या संशयाला इतिहास आहे, हे मी नाकारत नाही. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारी पडले. संघटना उभी करणाऱ्या दोन सहकाऱ्यांना काढून टाकल्याचा तो निषेध होता. पाचेक दिवस या शहरात प्रवाशांचे हाल झाले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१२ च्या मे महिन्यात एअर इंडियाच्या वैमानिकांनी ड्रीमलायनर विमानाच्या प्रशिक्षणावरून असंच केलं. ते ५८ दिवस चाललं, शंभरावर वैमानिकांना काढलं गेलं, त्यांच्या गिल्डची, म्हणजे संघटनेची, मान्यता गेली. २ जुलै २०२२ ला इंडिगोच्या केबिन क्रूमधले बरेच जण ‘आजारी’ होते आणि एअर इंडियात भरती चालू होती. त्या दिवशी इंडिगोची निम्म्याहून कमी विमानं वेळेवर सुटली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये दोनशेहून अधिक केबिन क्रू एकदम आजारी पडले. दोनशे माणसांना एकाच रात्री ताप येत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मी तिथे असतो तर त्यातल्या एकालाही सर्टिफिकेट दिलं नसतं.

पण या चारही वेळी काय दिसतं? ही आजारपणं लपून नव्हती. ती सगळ्यांना दिसावीत म्हणूनच घेतलेली होती. ज्यांना संपाची नोटीस देऊन संप करता येत नाही, किंवा केला तर टिकत नाही, त्यांनी हाताशी असलेलं हत्यार उचललं. ते मला पटत नाही. आजारपणाचं हत्यार केलं की पुढच्या खऱ्या आजाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वैमानिकांच्या संघटनांनी हे आपल्या सभासदांना स्पष्ट सांगायला हवं होतं, आणि तसं सांगितलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पण अशा सामूहिक प्रकाराला वेगळा कायदा आहे, वेगळी न्यायालयं आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरला जाईल, असं लिहिलं आहे. आणि २०२४ चा तो तंटा सुटला कसा? काढून टाकलेल्या पंचवीस जणांना परत घेतलं गेलं आणि दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर दोन्ही बाजू एका टेबलावर बसल्या तेव्हा. कुठल्याही पॅनल डॉक्टरने तो सोडवला नाही. त्या दोनशेंचा राग जुलै महिन्यात एकट्याने गॅस्ट्रोने आडव्या झालेल्या फर्स्ट ऑफिसरवर, म्हणजे सहवैमानिकावर, काढू नका, एवढंच म्हणतो.

आणखी एक तारीख. १६ जून २०२५. अहमदाबादच्या अपघाताला चार दिवस झाले होते. त्या दिवशी एअर इंडियाचे ११२ वैमानिक आजारी होते, ५१ कॅप्टन आणि ६१ फर्स्ट ऑफिसर. हा आकडा नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिला आणि ही वाढ किरकोळ असल्याचं सांगितलं. हा आकडा ऐकून माझ्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, ‘घाबरले लेकाचे.’ मला विचाराल तर त्या आठवड्यात ज्याला झोप लागली नाही, ज्याच्या डोळ्यांपुढे तो व्हिडिओ सारखा येत होता, ज्याच्या बायकोने दारात हात धरून ठेवला होता, त्याने न उडणं हेच बरोबर होतं. मन थाऱ्यावर नाही हेही ‘अयोग्य’च असतं. त्याला माझ्या रजिस्टरमध्ये काय नाव द्यायचं, हा पुढचा प्रश्न. तुमच्या ‘पॅटर्न’ शोधणाऱ्या संगणकाला मात्र त्या दिवशी १६ जून हा सोमवार होता, म्हणजे शनिवार-रविवारला लागून, एवढंच दिसलं असतं.

आता थकव्याकडे येतो. खरं दुखणं तिथे आहे.

माझ्याकडे येणारे बरेच वैमानिक ज्याला आजार म्हणतात ती झोपेची थकबाकी असते. पहाटे तीनची ड्युटी, मग दोन दिवसांनी रात्री अकराची, मग पुन्हा पहाट. रक्तदाब थोडा वर, ॲसिडिटी, चिडचिड, सुटीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत झोप आणि उठल्यावरही डोकं जड. ‘डॉक्टर, थकवा लिहू नका, काहीतरी आजार लिहा,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: थकव्याचा रिपोर्ट दिला तर तो मंजूर होईलच असं नाही, चौकशी होते, ‘तुला तर नियमाप्रमाणे विश्रांती दिली होती’ असं सुनावलं जातं, सिक टाकली तर निदान आजचा दिवस सुटतो. म्हणजे तुमच्या सिक लीव्हच्या आकड्यांत फुगलेला भाग आहे, हे तुमचं म्हणणं खरं असेल. पण तो फुगवला आहे तुमच्याच रोस्टरने.

थकवा म्हणजे लाड नव्हे. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून खाली गेलं आणि १५८ माणसं गेली. उतरण्याचा मार्ग बिघडलेला असताना कॅप्टनने तो सोडून दिला नाही, हे कारण चौकशीत निघालं. पण त्याच चौकशीत हेही आलं की कॅप्टन त्या प्रवासात तासाभराहून अधिक वेळ झोपलेला होता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरणं आहे. झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ पुरता जागा झालेला नसतो. रात्री फोन वाजल्यावर डॉक्टरलाही हे कळतं, पण त्याच्या मागे दीडशे माणसं पट्टा बांधून बसलेली नसतात.

म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने नियम बदलले तेव्हा मला बरं वाटलं होतं. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. कंपन्यांना थकव्याचे अहवाल दर तिमाहीला द्यायला सांगितले आणि थकवा कळवणाऱ्या वैमानिकावर कारवाई होऊ नये, त्याचं नाव गुप्त राहावं, असंही लिहिलं. हे सगळं लागू व्हायला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२५ चा जुलै व नोव्हेंबर उजाडला. मग डिसेंबर आला. पुरेसे वैमानिक हाताशी न ठेवता नव्या नियमांत शिरलेल्या इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजारावर. तुमच्यातल्या सगळ्यांना वीस-बावीस महिन्यांची सूचना होती. एवढ्या वेळात मूल जन्मून चालायला लागतं.

त्याच ५ डिसेंबरला डीजीसीएने एक ओळ मागे घेतली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, अशी ती ओळ होती. बातम्यांत ती विमानतळावरच्या बॅगांच्या ढिगाखाली गेली. या पत्राच्या दृष्टीने मात्र तीच महत्त्वाची. ओळ असताना रजा वेगळी आणि आठवड्याची ४८ तासांची विश्रांती वेगळी. ओळ काढल्यावर वैमानिकाने घेतलेली रजा हीच त्याची विश्रांती म्हणून दाखवायला दार उघडतं. आणि आजारपणाची रजाही रजाच. डेंग्यूच्या तापात दोन दिवस सलाइन लावून पडलेल्या माणसाला ‘तुझी ४८ तासांची विश्रांती झाली, उद्या पहाटे साडेतीनला पिक-अप’ असं कोणी कळवलं तर एक डॉक्टर म्हणून मी त्याला काय सांगू? आजारात शरीर काम करत असतं. प्लेटलेट वर आल्या तरी डेंग्यूचा अशक्तपणा आठवडे टिकतो. संकटात सवलत द्यावी लागली असेल, ते ठरवणारे तुम्ही जाणकार आहात. पण आजारपणाचे दिवस कोणत्याही परिस्थितीत साप्ताहिक विश्रांतीत मोजले जाणार नाहीत, हे एकदा कायमचं आणि स्पष्ट शब्दांत लिहून द्यायला डीजीसीएला हरकत नसावी.

कडक धोरणाच्या बाजूने बोलणारे हटकून जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीचं नाव घेतात, म्हणून त्याबद्दलही. २४ मार्च २०१५ ला तिच्या एका विमानाच्या सहवैमानिकाने ते आल्प्सच्या डोंगरात नेऊन आदळलं. १५० माणसं गेली. ‘बघा, वैमानिकांवर नजर ठेवायलाच हवी.’ पण त्या प्रकरणात डॉक्टरांनी आपलं काम केलं होतं. त्याला कामासाठी अयोग्य ठरवणाऱ्या चिठ्ठ्या दिलेल्या होत्या, अपघाताच्या दिवसाची चिठ्ठीसुद्धा होती. त्या त्याच्या घरी फाडलेल्या सापडल्या. चिठ्ठी नव्हती असं झालं नाही. ती कंपनीच्या हाती दिली तर आपलं उडणं संपेल, ही भीती होती. फ्रेंच चौकशी अहवालानेही लायसन्स आणि उत्पन्न जाण्याच्या या भीतीकडे बोट दाखवलं आहे. माणूस मनाने कोणत्या थराला गेला होता ते मी इथून सांगू शकत नाही. पण चिठ्ठी द्यायला घाबरणारे वैमानिक जितके जास्त, तितक्या फाडलेल्या चिठ्ठ्या जास्त, हे कळायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही.

दुसरं उदाहरण कमी गाजलेलं आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. त्यातली तरुण सहवैमानिक सर्दीने बेजार होती. रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून ती ड्युटीवर आली होती. घरी असते तर आलेच नसते, पण आता इथे येऊन सिक टाकली तर बरं वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च माझ्याच अंगावर, अशा अर्थाचं तिचं बोलणं ध्वनिमुद्रणात आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर तिची सर्दी अपघाताचं कारण ठरली नाही. कॅप्टनने धोक्याच्या इशाऱ्यावर नेमकं उलटं केलं, हे कारण ठरलं, आणि दोघांच्या थकव्याची दखल घेतली गेली. पण मला तो हॉटेलच्या भाड्याचा हिशोब विसरता येत नाही. माझ्या दवाखान्यात तोच हिशोब मराठीत ऐकू येतो: ‘डॉक्टर, या महिन्यात तास आधीच कमी झालेत, एक सेक्टर मारून येतो.’ सेक्टर म्हणजे एक उड्डाण.

तर करायचं काय? धोरण लिहिणं माझं काम नाही, पण काही गोष्टी दवाखान्याच्या खुर्चीतून स्पष्ट दिसतात. पहिले दोन-तीन दिवस वैमानिकाचा शब्द पुरे धरा, कागद त्यानंतर मागा. पॅनलचा डॉक्टर ठेवा, जरूर ठेवा, पण त्याने पेशंटला फोनवर, व्हिडिओवर बघावं आणि उपचारासाठी बघावं, पहाऱ्यासाठी नव्हे. नमुन्यातून निदानाचा रकाना काढा. बढतीच्या फायलीत आजारपणाचे दिवस घालू नका. कमांड द्यायची की नाही हे सिम्युलेटर आणि लाइन चेक, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणातली परीक्षा, सांगतात, गॅस्ट्रो सांगत नाही. आणि ‘पॅटर्न’ शोधायचाच असेल तर माणसाचा शोधण्याआधी रोस्टरचा शोधा. कोणत्या ड्युटीच्या साखळीनंतर माणसं जास्त आजारी पडतात, हे तुमच्याच संगणकात पडलेलं आहे. सलग पहाटेच्या ड्युट्यांनंतर आजारपण वाढत असेल तर त्या ड्युट्या तोडून पाहा. पुन्हा पुन्हा तेच करणारा एखादा लबाड असेल, तर त्याला समोर बसवून विचारा. त्याच्यासाठी दोन हजार जणांना लाइनीत उभं करू नका.

डीजीसीएला वेगळी विनंती. थकव्याचा रिपोर्ट देणाऱ्याला तुम्ही जे संरक्षण कागदावर दिलं आहे, तेच आजारपण कळवणाऱ्यालाही द्या. आणि कंपन्यांकडून दर तिमाहीला थकव्याचे अहवाल घेताच आहात, तर त्याच्या शेजारी त्या तिमाहीतल्या सिक लीव्हचे आकडेही मागा, नावं वगळून. थकव्याचे रिपोर्ट कमी आणि सिक लीव्ह जास्त असं जिथे दिसेल, तिथे माणसं थकवा सांगायला घाबरत आहेत असं समजा आणि त्या कंपनीचं रोस्टर मागवा.

नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे, विमानं वाढणार आहेत, वैमानिक आहेत तेवढेच ताणले जाणार आहेत. हा वाद मिटायला तुम्ही, वैमानिकांच्या संघटना आणि डीजीसीए बसाल तेव्हा एखादा साधा फॅमिली डॉक्टरही बोलवा. उंची पदवीचे तज्ज्ञ तुमच्याकडे आहेतच. पण रात्री दोन वाजता ‘उडू का नको’ असं विचारायला फोन आमच्यासारख्यांनाच येतो. मला बोलावलंत तर मी येईन. दुपारी एक ते पाच दवाखाना बंद असतो, त्या वेळात कधीही.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर
विलेपार्ले (पूर्व), मुंबई